उसनं नाक

सुधाकररावांनी सिगरेट सोडून चार महिने झाले होते, पण घरापर्यंत ती बातमी पोचली नव्हती. तेलंगणातल्या बोथच्या एमआरओ, म्हणजे तहसीलदार कचेरीतल्या पहाणीच्या, तिथल्या सातबाऱ्याच्या, नकला घरी आणून तपासताना त्यांनी एकतीस वर्षं धूर काढला होता. भिंती, पडदे, गाद्यांतला कापूस, सागाची कपाटं, सगळ्यांनी तो सरकारी दफ्तरासारखा जपून ठेवला.

पंधरा दिवसांत चारुलता पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. लेकीला दमा. तिनं यवतमाळहून सरळ लिहिलं होतं, "दारात उभी राहून वास घेईन. आला तर त्याच रिक्षानं परत." पहिलटकरीण दारातून परत गेली, तर कुसुमबाईंना गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती, आणि हे त्या नवऱ्याला दिवसातून तीनदा सांगत.

अडचण एवढीच, की ज्यानं वास केला त्यालाच तो येत नव्हता. सुधाकररावांचं नाक कधीच कामातून गेलेलं, कुसुमबाईंना सवय झालेली. म्हणून शेजारच्या बयनाबाईंचं नाक उसनं आणावं लागे. त्या दारात डोळे मिटून उभ्या राहत आणि मुआयन्याला, तपासणीला आलेल्या साहेबासारखा निकाल देत.

सुधाकररावांनी रजा टाकली आणि आधी सगळं घर चुन्यानं रंगवलं. तिसऱ्या दिवशी चुन्यातून पिवळे डाग वर आले.

"भाऊ, भिंतीवर चहा सांडला का?"

"बयनाबाई, वासाचं सांगा."

"येऊन राह्यला न!"

मग त्यांनी दारं-खिडक्या लावून, निखाऱ्यावर ऊद आणि कडुनिंबाचा पाला टाकून तासभर धुरी दिली. कुसुमबाई खोकत अंगणात आल्या.

"अहो, धूर घालवाले धूर? कचेरीत असंच काम करता का तुमी?"

"एका अर्जानं काम होत नसलं, तर दुसरा करावाच लागते."

बयनाबाईंनी दारातूनच सांगितलं, "आता उदाच्या दुकानात बसून कोणी सिगरेट ओढल्यासारखं वाटते."

सुधाकरराव एका जागी बसेनात. दर पाव तासाला हात खिशाकडे जाई, तिथं बडीशेप सापडे, आणि हात हिरमुसून परत येई. ते भिंतीला नाक लावून उभे राहत. भिंत काही बोलत नसे.

गाद्या उसवून पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला, तेव्हा पिवळट धुरळा असा उठला, की त्यानं तोंडाला फडकं बांधलं.

"साहेब, चुन्याआधी भिंती धुतल्या होत्या का?"

"नाही."

"म्हणजे घामावर पावडर लावली."

सुधाकररावांनी चुना खरवडला. धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्यानं भिंती पुसल्या. कडक चहासारखं पाणी ओघळलं. चार वेळा पुसल्यावर ते जरा फिकं झालं. कपाटं उन्हात काढली, पुन्हा चुना दिला आणि बयनाबाईंना बोलावलं.

त्यांनी बराच वेळ डोळे मिटले. "भाऊ, आता मले काई समजत नाही. रोज रोज येऊन माह्यं नाकही तुमच्या घराचंच झालं."

दुसऱ्या दिवशी चारुलता आली. पेटी तिनं रिक्षातच ठेवायला लावली. कुसुमबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. उंबऱ्यात उभं राहून तिनं सावकाश श्वास घेतला.

"वास येते."

कुसुमबाईंनी पदर तोंडाला लावला. सुधाकररावांचा हात खिशाकडे गेला. चारुलतानं तो मधेच धरला आणि बोटं नाकाशी नेली.

"चार महिने झाले," ते म्हणाले.

"मागंही दोनदा असंच लिहिलं होतं तुमी, बाबा." तिनं पुन्हा बोटं हुंगली. "आता खरं दिसते. भिंतीतला वास जुना हाये. पण तो जाईपर्यंत मी ओसरीवरच झोपीन." मग ती रिक्षावाल्याकडे वळली. "दादा, पेटी उतरवा."

पेटी सुधाकररावांनीच ओसरीवर आणली आणि लगेच चुलीवर सोड्याचं पाणी ठेवलं.

"अहो, पोर आता आली! जरा बसा न तिच्याजवळ," कुसुमबाई ओरडल्या.

सुधाकरराव हातात फडकं घेऊन लेकीसमोर उभे होते.

"चारू, कोणती भिंत ते सांग."