जिल्हा बदलला तेव्हा सुमनताई

"सावरगावचे का तुम्ही? मंग खिशात गोटे तर नाही ना आणले?"

सुमनताईंचे माझ्याशी बोललेले हे पहिले वाक्य. कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून मी पांढुर्ण्याच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात रुजू व्हायला गेलो होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकणारी आमची दोन गावे. ताई अलीकडच्या, मी पलीकडचा. मी पुरता गोंधळलो. त्या खळखळून हसल्या. "बसा बाप्पा, गंमत करून राहिली मी."

ग्रंथपालपदावरून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. तरी जुने प्रबंध आणि संशोधकांच्या टिपणवह्या स्कॅन करून डिजिटल कॅटलॉगमध्ये नोंदवण्याचे काम त्यांनी मानद म्हणून अंगावर घेतले होते. शीर्षक, लेखक, वर्ष, ठिकाण, टीप असे प्रत्येक फाइलीचे रकाने भरायचे. 'मेटाडेटा' म्हणजे काय, हे मी त्यांना मोठ्या ऐटीत समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे कार्डच ना गा? आम्ही जलमभर तेच लिहिलं."

माझी ऐट तिथेच उतरली. शेतातल्या गाण्यांच्या एका वहीवर नाव नव्हते, म्हणून मी लेखकाच्या रकान्यात 'अज्ञात' टाकून मोकळा झालो. ताईंना ते खपले नाही. "अज्ञात म्हणजे आपण विचारलं नाही," त्या म्हणाल्या आणि वही जिथून आली होती त्या रामाकोन्याला रविवारी बसने गेल्या. येताना दोन नावे घेऊन आल्या: वही लिहिणाऱ्या मास्तरांचे आणि गाणी सांगणाऱ्या बाईंचे. "दोन्ही लिही. जिनं सांगितलं, ते बी पाहिजे."

माझी आई नागपूरला दवाखान्यात होती, तेव्हा आठ दिवस माझ्या खुर्चीवर बसून एका बोटाने टायपिंग करणाऱ्याही त्याच. ते दिवस आठवले की आजही ऊर भरून येतो.

आता माझ्या पराक्रमाबद्दल. छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि मला आनंदाचे भरते आले. एका सकाळी कॅटलॉग उघडला, 'शोधा आणि बदला' वापरले आणि जिथे जिथे 'छिंदवाडा' होते तिथे तिथे 'पांढुर्णा' करून टाकले. आधी प्रतही काढून ठेवली नाही. वर ताईंना अभिमानाने सांगणारच होतो, तेवढ्यात सौंसरहून एक निवृत्त गुरुजी आले. आपला प्रबंध नातीला दाखवायला आले होते. शीर्षकाने सापडेना, नावाने शोधला तेव्हा निघाला; शीर्षकातल्या 'छिंदवाडा'चेही 'पांढुर्णा' झाले होते.

"हे पांढुर्णा कोणं टाकलं? मी लिहिलं तवा हा जिल्हा होता का? का मी भविष्य पाहून लिहिलं?"

नात आजोबांकडे पाहू लागली. गुरुजींचा चेहरा असा उतरला, जणू खोटे तेच बोलले होते. मी बाकीच्या नोंदी उघडून पाहिल्या; सगळीकडे तेच झाले होते. महिनाभरात आमचा कॅटलॉग विद्यापीठाच्या मोठ्या कॅटलॉगला जोडला जायचा होता, समिती तपासणीला येणार होती आणि माझे कंत्राट वाढवायचे की नाही, हेही तीच ठरवणार होती. घर माझ्या एकट्याच्या पगारावर चाले.

ताईंनी गुरुजींना चहा पाजला, माफी मागितली आणि ते गेल्यावर मला एवढेच म्हणाल्या, "काय गा, गाव तं तिथंच हाय. नोंद ज्या दिवसाची, त्या दिवसाची ठेवा लागते."

मग रोज अकरापासून दिवे लागेपर्यंत आम्ही एकेक प्रबंध काढत होतो. ताई मुखपृष्ठ वाचून दाखवायच्या, मी टाइप करायचो. त्यांचे गुडघे सुजले. समितीपुढे चूक कबूल करतो म्हटले, की दटावायच्या: "आधी काम कर, मंग रडजो." तपासणीच्या दिवशी त्या एकट्याच आत गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "वाढलं तुझं कंत्राट. जा, आईले सांग." कोणी काही विचारलेच नाही, असे मी इतके दिवस समजत होतो.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी त्यांच्या कामाची यादी करायला मी गेल्या आठवड्यात त्या नोंदी उघडल्या. दुरुस्त केलेल्या प्रत्येक नोंदीच्या टिपेत, मी घरी गेल्यावर ताईंनी एका बोटाने टाइप केलेली एकच ओळ होती: "जिल्ह्याचे नाव सरसकट बदलण्याची चूक मानद ग्रंथपाल सुमन यांची." 'अज्ञात' एवढा एक शब्द ज्यांना सहन झाला नाही, त्यांनी माझ्यासाठी इतक्या नोंदींत खोटे लिहिले होते! मी खुर्चीतच रडलो.

समितीची मंडळीही हा ग्रंथ वाचतील, हे मला ठाऊक आहे. ताई, तुम्हाला न विचारता मी त्या सगळ्या नोंदींतून तुमचे नाव काढले आणि माझे लिहिले, एकेक फाइल उघडून. तुम्ही रागवाल. खुशाल रागवा. पंचाहत्तरी झाली, आता शंभरीही गाठा; आणि धडधाकट पायांनी रोज अकराला येऊन, मी या खुर्चीवर असो वा नसो, इथे बसणाऱ्याचे कान असेच धरत राहा.