आईला गाडी लागते

आमच्या घरात काही गोष्टी म्हणजे वेदवाक्य. त्यातली पहिली: आईला गाडी लागते. एसटी असो की मोटार, घाट म्हटला की आईला वगळायचं. बाबा मित्रांबरोबर सिमला, मनाली, उटी, सगळं पालथं घालून आले. आई लाडू-चिवड्याचे डबे भरून द्यायची आणि ते परतले की फोटो बघायची. रेल्वेने मात्र तिला काही होत नसे, म्हणून तर यंदा दोघं आमच्याकडे कोलकात्याला येऊ शकली.

चार दिवस झाले नाहीत तोच आई सॉल्ट लेकच्या आमच्या बाल्कनीत उभी राहून म्हणाली, "काय गं, तुमच्याकडे डोंगर म्हणून नाहीच का कुठे?" मी म्हटलं, आहे की, पुरुलियाकडे, पण अख्ख्या दिवसाचा रस्ता आहे. "मग जाऊ या ना. एकदा तरी डोंगरावर राहायचंय मला." आईने स्वतःसाठी कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी तिथल्या तिथे फोन करून गाडी ठरवली. नवऱ्याला बँकेतून सुट्टी मिळेना, तर म्हटलं, बस तू बँकेत.

बाबा असे उखडले म्हणता! "अक्कल आहे का तुला? हिला गाडी लागते. वाटेत काही झालं म्हणजे?"

"झालं तर तिथून परत फिरू," मी म्हटलं. तसा सौदाच झाला. उलटी झाली की गाडी माघारी, आणि डोंगराचं नाव पुन्हा काढायचं नाही. आईने मुकाट्याने मान डोलावली.

गाडी नदीपलीकडे हावड्याला बोलावली होती. आता नदीच्या खालून मेट्रो जाते, पण आई म्हणाली, "एवढी गंगामाई, आणि तिच्या खालून कसलं जायचं!" म्हणून बाबूघाटावरून लाँच धरली. लाँच डुलायला लागली तसे बाबा प्लास्टिकची पिशवी हातात धरून आईच्या तोंडाकडे बघत बसले. आई कठड्याशी उभी राहून गंगेला नमस्कार करत होती.

"डोळे मीट, बरं वाटेल," बाबा म्हणाले.

"डोळे मिटायला आलेय होय मी?"

पलीकडे गाडीत बसलो. बाबा पुढे, ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघी मागे. बाबांनी सगळा रस्ता मान मागे वळवून काढला. "मळमळतंय का? लिंबू देऊ? आडवी पड जरा." शक्तिगडला सगळ्या गाड्या लांग्चा खायला थांबतात तशी आमचीही थांबली. लांग्चा म्हणजे आपल्या गुलाबजामचा लांबोडका भाऊ. आईने दोन खाल्ले, वर गरमागरम पुऱ्या. "अगं, खाऊ नकोस, पुढे घाट आहे!" बाबा कळवळून म्हणाले. काळजीपायी त्यांनी स्वतः चहाखेरीज घशाखाली काही उतरवलं नाही. मला त्यांचा रागही येत होता आणि दयाही.

पुरुलिया मागे पडलं, जमीन तांबडी झाली, कडेला पळस दिसायला लागला आणि समोर डोंगर उभा राहिला. आईने माझा हात घट्ट धरला. पहिलं वळण आलं, दुसरं आलं. माझा जीव टांगणीला लागलेला. देवा, एवढा घाट निभाव रे, म्हणून मी मनातल्या मनात आळवत होते. आणि एका वळणावर आवाज आला, "थांबवा! गाडी थांबवा!"

आवाज बाबांचा होता.

दार उघडून ते कसेबसे खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला ओकायला लागले. आई चटकन उतरली. एक हात त्यांच्या कपाळाला लावला, दुसऱ्याने पाठ चोळत राहिली. ड्रायव्हरने पाणी दिलं. आईने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि त्यांना दगडावर टेकवलं. दिवसभर उलटं बसून आणि उपाशी राहून दुसरं काय होणार!

बाबा पार ओशाळले. जरा वेळाने म्हणाले, "तुला कसं काही झालं नाही? तुला तर गाडी लागते."

"एकदा लागली होती," आई म्हणाली. "ही पोटात होती तेव्हा."

मी आता चाळिशीला आलेय, मधली वर्षं तुम्हीच मोजा.

"मग बोलली का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"आधी मलाही वाटलं, तुम्ही म्हणताय म्हणजे लागत असेल. पुढे मुलं, शाळा, सासूबाईंचं दुखणं. मग एकदा लक्षात आलं, मला गाडी लागते तेच तुम्हाला बरं पडतंय." तिचा स्वर अगदी साधा होता. हात अजून त्यांच्या पाठीवरच होता.

बाबांचे डोळे भरून आले होते, आणि ते काही उलटीमुळे नव्हते. शेवटी म्हणाले, "सौदा ठरलाय. उलटी झाली की माघारी."

"ती माझ्या उलटीची गोष्ट होती," आई म्हणाली. "तुम्हाला राहायचं तर राहा खाली. मी वर जाणार."