आमच्या संडासाच्या नळाचं तोंड

जबलपूरला दारूगोळा कारखान्याच्या आमच्या लाइनीत तीन क्वार्टरांना मिळून एक संडास. पाकिस्तानशी लढाई सुरू झाली त्याच आठवड्यात तो बिघडला. बादली ओतली की पाणी भांड्यात चढायचं, गुडगुडायचं, रेंगाळत खाली जायचं. वर घाण वास. वहिनीला नववा लागलेला. तिला मैदानापलीकडच्या सार्वजनिक संडासापर्यंत चालत जाऊन रांगेत उभं राहावं लागे. कारखान्यात रात्रंदिवस तोफगोळे तयार होतात आणि तिथल्याच कामगाराच्या बाईला बसायला जागा नाही, याचा मला संताप आला. येणारच.

देखभालीच्या ऑफिसात गेलो. बाबू म्हणाला, "भैया, लड़ाई चल रही है, तुमको संडास की पड़ी है?"

"लढनेवाले नहीं जाते क्या?" मी विचारलं. तो फायलीत तोंड घालून बसला.

घरी येऊन युनियनचं पत्रक लिहायला घेतलं: 'कामगारांचं पाणी तोडणाऱ्यांनो, जबाब द्या.' वहिनी म्हणाली, "भाऊजी, पाणी तर नळाला येऊन राहिलं. आधी बिघडलं काय ते पाहा."

पाहिलं. बांबूची कामटी भांड्याखालच्या नळाच्या वाकातून आरपार गेली, काही अडकलेलं नव्हतं. पण भांड्यातल्या पाण्यात खालून बुडबुडे येत होते. म्हणजे कोंडली होती ती मैल्याच्या टाकीतली हवा. ती जायला छपरापर्यंत उभा नळ असतो. मान वर केली, तर नळाच्या तोंडाला काळा कागद, सुतळीनं आवळून बांधलेला.

ब्लॅकआउटची जबाबदारी शेजारच्या काकांकडे होती.

"काका, हे काहून बांधलं?"

"हुकूम आहे. भोक दिसलं की काळा कागद."

"त्यातून कोणता उजेड येऊन राहिला?"

"ते मी काहून पाहू? भोक होतं ना."

"विमानाला वास दिसत नाही, काका."

काकू पदर तोंडाला लावून हसत आत पळाल्या. काका शिडी घेऊन आले, स्वतः चढले, सुतळी सोडली. मी बादली ओतली. पाणी एका घोटात गेलं.

पत्रक मी नंतर तरीही काढलं, फक्त मागणी बदलली: तक्रार आली की माणूस पाठवा.

पाणी गेलेलं पाहताच वहिनी आत गेली आणि कडी लावली. बराच वेळ झाला तशी मी हाक मारली, "वहिनी, बरं आहे ना?"

"बसू द्या हो जरा. किती दिवसांनी निवांत बसले."

काका आणि मी डबे उचलून मैदानापलीकडच्या रांगेकडे निघालो.