बोलणं संपायची वाट

समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत भाऊ तोंड उघडत नसत. गडचिरोलीच्या जंगलातल्या त्यांच्या गावात ग्रामसभेची हीच रीत होती. एक बोलतो, बाकीचे ऐकतात, आणि एकमत झाल्याशिवाय कोणी उठत नाही. अशा माणसाला मी टीव्हीवरच्या चर्चेला नेत असे, यावरून माझी अक्कल लक्षात यावी.

मी एका वाहिनीचा तालुक्याचा वार्ताहर होतो. निवडणूक जवळ आली की वाहिनीला जनतेचा फार उमाळा येई. चौकात मंडप पडे आणि जनता गोळा करायचं काम माझ्या गळ्यात. कोण कशाला येतं, हे मला पाठ होतं. कोणाला पुढाऱ्याच्या नजरेत भरायचं असे, कोणाला सासुरवाडीला दिसायचं असे, आणि पुष्कळांना मंडपातल्या कूलरची हवा पुरे. भाऊ मात्र नाल्यावरच्या पुलासाठी येत. पावसाळ्यात नाला भरला की गावातल्या पोरींची शाळा बंद पडे.

पहिल्या चर्चेत भाऊ तासभर आपल्या पाळीची वाट पाहत बसले. दोन पक्षांचे प्रवक्ते एकाच वेळी ओरडत होते आणि निवेदक दोघांवर. कोणाचंच बोलणं संपलं नाही, कार्यक्रम संपला. निवेदकाच्या घरी सगळं ठीक आहे ना, असं भाऊंनी मला परतताना काळजीने विचारलं.

दुसऱ्या खेपेला मी त्यांना मध्येच घुसायला शिकवलं. माईक हातात येताच त्यांनी आधी मागच्या बायांना विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का. निवेदकाने लगेच ब्रेक घेतला. तिसऱ्यांदा ते पुलाबद्दल चांगलं मिनिटभर बोलले. ते मिनिट प्रक्षेपणाआधी मीच कापलं. वरून निरोप होता, भांडण ठेव, पूल काढ.

कोणी ऐकत नाही तरी येता कशाला, असं मी एकदा विचारलं.

"ऐकत नाई, मले मालूम हाये," ते म्हणाले. "पण मी नाई आलो, तर उद्या म्हणतीन, या गावाले काही पाह्यजेच नव्हतं."

मला लाज वाटली. पुढच्या चर्चेला मी त्यांना पुन्हा बोलावलं, कारण खुर्च्या भरायच्या होत्या.

गेल्या श्रावणात भाऊ तापाने गेले. त्या कापलेल्या मिनिटाची माफी निदान त्यांच्या घरच्यांकडे मागावी, म्हणून मी निघालो. नाला दुथडी भरून वाहत होता. पलीकडे त्यांची सून उभी होती.

"नका येऊ, दादा," ती ओरडली. "पाणी लय हाये."

भाऊंचं बोलणं मीच कापलं होतं, असं मी इकडून ओरडून सांगितलं. तिने कानामागे हात धरला. मी तीनदा सांगितलं. पाण्याच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही, आणि मी परत फिरलो.