भिंतीपलीकडचा डावा हात

गेले आठ महिने दुपारचे चार वाजले की आमच्या स्वयंपाकघरातली भिंत गप्प असते. फ्रिजची घरघर ऐकू येते, ओल्या वॉलपेपरचा वास येतो, आणि त्या दोहोंच्या मागे ती शांतता उभी असते, अंगावर आल्यासारखी. इंग्लंडातल्या लेस्टरमधली ही ओळीतली घरं. दोन संसारांच्या मध्ये एका विटेचं अंतर. पलीकडे रामोन राहतो. अर्जेंटिनाचा, पंच्याऐंशीचा, टँगोच्या चाली बांधणारा पियानोवाला. वीस वर्षं तो रोज चारला वाजवायचा आणि वीस वर्षं मी वैतागायचो. आता वाजवत नाही म्हणून वैतागतो. म्हाताऱ्याला वैताग तरी हवाच, नाहीतर दिवस टेकायचा कशाला?

मी चौथी शिकलेला, मोज्यांच्या कारखान्यातला माणूस. मला संगीतातलं काय कळणार? टँगो म्हणजे मला एवढंच ठाऊक, की डावा हात लंगडत जिना उतरतो आणि उजवा वरच्या पायरीवर उभा राहून त्याला नावं ठेवतो. पण माझी इंदू त्या ठेक्यावर पोळ्या लाटायची. एखादी चाल आवडली की लाटण्याने भिंतीवर दोनदा ठोकायची. पहिल्यांदा ठोकलं तेव्हा मला वाटलं, तक्रार करते आहे. चला, एकदा तरी माझ्या बाजूने झाली. तर पलीकडून तीच चाल पुन्हा सुरू. "अहो, परत वाजवा म्हणतेय मी," ती म्हणाली. "माणूस तिकडे काळीज काढून ठेवतोय आणि तुम्हाला टीव्हीचा आवाज वाढवायचं सुचतंय."

त्याची सगळी कुंडली तिनेच काढली, मागच्या कुंपणावरून, कपडे वाळत घालता घालता. बाप बंदरात दोरखंड वळायचा. पंधराव्या वर्षी हा खलाशांच्या कॅफेत वाजवायला लागला. तिशीत स्वतःचा आठ जणांचा वाद्यवृंद, रेडिओवर नाव, साठेक चाली. मग तिकडच्या पोरांना गिटारचं वेड लागलं. आठांचे पाच झाले, पाचांचे तीन, शेवटी पियानो आणि हा. बोटीवर वाजवत वाजवत साउदम्प्टनला उतरला, इथल्या नर्सशी लग्न केलं, आणि ज्या बोटांवर एके काळी अख्खं शहर नाचलं ती बोटं हॉटेलात लोकांच्या चहा-केकला साथ करू लागली. त्या साठ चालींतली एकच जगभर गेली, तीसुद्धा गाणाऱ्याच्या नावाने. मी भडकलो. म्हटलं, भांडला का नाहीस? तर हसून म्हणतो, "मिस्टर पवार, चाल फिरायला जाते, बाप घरी राहतो." आता अशा माणसाला काय म्हणायचं? पण मी तरी कुठला मोठा? तीस वर्षं मोजे विणले. एका पायाला तरी माझं नाव ठाऊक आहे का?

फेब्रुवारीत इंदू गेली. हॉस्पिटलमधून मी घरी आलो तेव्हा चार वाजले होते आणि तो वाजवत होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. मी तडक त्याच्या दारात गेलो. "नो म्युझिक. माय वाइफ इज डेड." एवढं बोललो आणि माघारी वळलो.

सुतकात गाणंबजावणं नाही, ही आपली रीत. पण सुतक सांगणाऱ्यानेच ते संपल्याचंही सांगायचं असतं. तेराव्याला गोडाचं जेवण करायचं, शेजारीपाजारी बोलवायचे. त्यांनी गोड घास खाल्ला की घर मोकळं होतं. मी इथल्या मराठी मंडळातली वीस माणसं बोलावली, श्रीखंड आणलं. रामोनला बोलावलं नाही. विसरलो म्हणेन, पण खोटं कशाला बोलू? राग होता. तिचा श्वास थांबला आणि त्याची बोटं चालूच होती, याचा राग. मग आठ महिने मीच कुरकुरत बसलो, की हा हट्टी म्हातारा वाजवत का नाही.

काल त्याची मुलगी वॉटफर्डहून आली. शनिवारी बापाला घेऊन जाते आहे. पियानो तिच्या फ्लॅटमध्ये मावत नाही, तो एका शाळेला जाणार. मी विचारलं, यानं वाजवणं का सोडलं? ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्हीच सांगितलंत ना? डॅड म्हणतात, ज्याच्या घरी दुःख आहे त्याने उघड म्हटल्याशिवाय पियानोचं झाकण उघडायचं नाही. ते वाट बघताहेत."

वाट. आठ महिने. एका विटेपलीकडे. माणसाने इतकं सभ्य असू नये, समोरच्याला तोंड लपवायला जागा उरत नाही.

आज मी शिरा केला. आयुष्यात पहिल्यांदा. रवा करपला, साखर फार झाली. वाटी घेऊन गेलो, म्हटलं, "खा. हे आठ महिन्यांपूर्वीच द्यायचं होतं. आता वाजवायला हरकत नाही." त्याने दारात उभ्यानेच वाटी संपवली आणि शांतपणे म्हणाला, "गुठळ्या आहेत." मी म्हटलं, "आहेत."

घरी आलो. चार वाजले. भिंत गप्पच. त्याच्या हातांचा धीर होत नव्हता की काय, देव जाणे. मी फडताळातून लाटणं काढलं. मुठीच्या खाचेत इंदूच्या वेळचं पीठ अजून वाळून बसलेलं. दोनदा ठोकलं.

पलीकडे खुर्ची सरकली. मग डावा हात लंगडत जिना उतरू लागला. दोन पायऱ्या चुकला, सावरला. शनिवारला अजून तीन दिवस आहेत. मी बाहेरच्या खोलीत गेलो आणि टीव्ही बंद केला.