मावळतीआधीचा शिरा

तुपात भाजलेल्या कणकेवर गुळाचं पाणी पडून चर्र झालं, की तो वास मला थेट कारंजा गावातल्या सासरच्या त्या स्वयंपाकघरात नेतो. सत्तर-एकाहत्तर साल असेल, लग्नाला महिनाही झाला नव्हता. आम्हा जैनांच्या घरात दिवस मावळल्यावर अन्नाला हात लावायचा नाही, आणि आमचे हे दुकानाच्या कामानं रिसोडला गेलेले. त्यांना गोडाचं भारी वेड. वरण-भाकरी तयार होती, त्यांच्यासाठी पहिल्यांदाच शिरा करत होते, पण एसटीचा पत्ता नव्हता. सासूबाई जेवून गच्चीवर उभ्या होत्या. "आटप वं, सूर्य टेकून राह्यला!" त्या ओरडल्या, तेवढ्यात हे धावतच आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. "भाकर राहू दे, आधी शिरा दे." दोन घास खाऊन एकदम थांबले. "तू जेवली काय?" नवऱ्याआधी जेवायची पद्धत नव्हती, आणि गडबडीत माझं जेवण राहिलंय हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "खाय लवकर, आई वर आहे तवर." एकाच ताटात आम्ही भराभर घास घेत होतो, जीभ पोळत होती, हसू आवरत नव्हतं. "बुडाला रे! जेवला काय?" सासूबाईंनी वरून विचारलं, आणि उत्तर द्यायला दोघांपैकी एकाचंही तोंड रिकामं नव्हतं. अजूनही शिरा झाला की मी आधी खिडकीतून ऊन पाहते, मग दोन चमचे काढते. ताट मात्र एकच.