आत्तींच्या खोलीत

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, पाठच्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते — तुमची माझी ओळख नाही, म्हणूनच बहुतेक.

माझी सानिका जन्मली ती सासूबाई गेल्यावर दहाव्या महिन्यात. आमच्या कोल्हापुराकडं सासूला आत्ती म्हणतात. बारशाला मुरगूडहून आलेली प्रत्येक बाई पाळण्यात वाकून एकच बोलली, आत्तीच पोटाला आल्या. मीही हसले. आत्तींनी अकरा वर्षं मला सुखाचा घास खाऊ दिला नव्हता — पण त्याचा पोरीशी काय संबंध?

पोर हट्टी. म्हणजे किती? सांगितलेलं एक ऐकायची नाही, मुद्दाम ताट उपडं करायची, चूक कायम दुसऱ्याची, आणि डूख धरायची महिनामहिना. घरचे कौतुकानं म्हणायचे, आत्तींचाच ताठा. ती दुसरीत असताना शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, हट्ट सगळीच मुलं करतात आणि विसरतात. हिचं वर्षभर रोज चाललंय, घरी आणि शाळेतही, आणि नंतर एकटीच रडत बसते. हा वाईटपणा नाही, आजार असू शकतो, मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. पत्ताही लिहून दिला. मला पटलं. अगदी लख्ख पटलं. घरी येऊन मी ती चिठ्ठी फाडून टाकली.

का? कारण — इथं लिहिताना हात अडतोय — आजारी पोरीवर सूड उगवता येत नाही. आत्तींवर उगवता येतो.

पुढं दोन वर्षं, नवरा कागलला कामावर गेला आणि तिनं काही सांडलं-मोडलं, की मी तिला आत्तींच्या खोलीत घालायचे आणि बाहेरून कडी लावायचे. जावा आत्ती, तुमच्याच खोलीत, असं म्हणायचे. सात वर्षांच्या पोरीला अहोजाहो! ती दारावर लाथा मारत ओरडायची, मी आत्ती न्हाय, मी सानिका हाय. मी बाहेर बसून भाजी निवडायचे. खरं सांगू? बरं वाटायचं.

एका दुपारी लाथा आल्याच नाहीत. मग दाराला अगदी लागून, संथ आवाज आला.

"व्हय. मीच आत्ती हाय. चुकलं माझं. आता उघड की."

आवाज पोरीचाच, पण बोलणं आत्तींचं, एकेक शब्द सावकाश. ज्यांना तिनं कधी पाहिलं नाही, त्यांचं बोलणं तिला कुणी शिकवलं? मीच. रागात मीच त्यांची नक्कल करायचे. ते 'चुकलं माझं' ऐकायला मी अकरा वर्षं थांबले होते. मी दार उघडलं नाही. तिला पुन्हा म्हणायला लावलं — तीनदा.

शेवटी नवऱ्यानंच तिला डॉक्टरांकडं नेलं, मीही बरोबर गेले. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, आधी आणायला हवी होती म्हणाले, आणि मला विचारलं, घरी कधी लक्षात आलं नाही का?

मी म्हटलं, "न्हाय."

सानिका शेजारच्याच खुर्चीत होती. माझ्या प्रत्येक शब्दाला उलटं बोलणारी माझी पोर माझ्याकडं बघत राहिली, आणि गप्प बसली.